काजवा, भाग पहिला

काजवा परत आलाय, असं आर्जव ओरडत आला
तेव्हा मी मटार सोलत होते.
कोण काजवा? म्हटलं उगाच.
जसं काही मी सव्वादोन वर्षं
त्याच्या छातीत हिरवा भरलाच नव्हता.

हिरवा नंबर चौदा.
मरोळच्या गाळ्यात, रबरी शिक्केवाल्याच्या वरच्या मजल्यावर,
पंखा बंद, कारण ओल्या रंगावर धूळ बसायची,
आम्ही सात जणी, हातात सुती मोजे,
पारदर्शक फिल्मच्या उलट्या बाजूने रंगवायचो त्याला.
फिलोमिना मुखवटा. हेमलता पागधरे बूट.
छाती माझी.
सेकंदाला बारा काजवे,
आणि पगार बारा तारखेला, आला तर.

चौदा नंबर दर डब्यात वेगळा निघायचा,
एक डबा कैरी, पुढचा शेवाळ.
म्हणून तर त्याची छाती लुकलुकायची!
पोरं म्हणायची, बघ, अगदी खऱ्या काजव्यासारखा.
नायगावकर सरांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.
आम्ही कशाला बोलतोय.

आता उजेड स्थिर आहे.
बँकेच्या पाटीसारखा.

पहिली पाच मिनिटं मी नुसत्या चुका शोधल्या.
सापडेनात.
केस एकेक सुटा हलतो. सावली पायाला धरून चालते.
(आमच्याला सावलीच नव्हती, परवडत नव्हती.)
भाऊचा धक्का ओळखू येतो, मोनोरेलचे खांब,
वडाळ्याची मिठागरं वरून, चौकोन चौकोन.
आमच्याकडे मुंबई म्हणजे तीन इमारती,
त्याच मागून पुन्हा पुन्हा सरकायच्या
आणि काजवा रात्रभर उडून तिथल्या तिथे.

दिवसा तो अजून विजेचे मीटरच वाचतो.
पण मीटर आता आपले आपण आकडे पाठवतात,
म्हणून नोकरी जायच्या बेतात आहे.
हे बरं सुचलं कुणाला तरी.
डॉक्टर अमावस्याला मात्र बालपण दिलंय,
तो वाईट का झाला ते कळावं म्हणून.
नाही आवडलं. आमचा अमावस्या सकाळी उठायचा
आणि वाईट असायचा, बस्.

मग आई आली.
आमच्या एकोणीस भागांत ती ओट्याशी उभी असायची,
पाठमोरी.
ओठ हलवायला पैसे पडतात, पाठीला पडत नाहीत.
पदर हलला की समजायचं, बोलली.
तिच्या काठात मी एक बारीक पिवळी रेघ घालायची,
कुणी सांगितलं नव्हतं.
घरी परतताना कधीकधी वाटायचं,
हिला कपाळ कसं असेल.

ती वळली.
काही संगीत वगैरे नाही, कुकरची शिटी झाली आणि वळली.
नाकाला किंचित बाक, भुवईला पीठ लागलेलं.
म्हणाली, "मीटरवाल्या, जेवलास का?"

मागे घे जरा, मी म्हटलं.
"आजी, यात काहीच झालं नाही, फाईट पुढे आहे."
घे म्हटलं ना.

तीनदा वळवली तिला.
काठ निळा होता. रेघ नव्हती.
चांगला होता तसा निळा.

फाईट झाली, लांबलचक, मी मटार संपवले.
शेवटी काळ्या पडद्यावर नावं सुरू झाली,
मुंगीएवढी, धावत. आमची नव्हतीच कधी,
'आणि इतर' एवढंच यायचं, तेही एकदा कापलं गेलं.
इतक्यात कोपऱ्यात आकडे: पुढचा भाग पाच, चार...
नावं चेपून एवढीशी झाली.
रिमोट दे, म्हटलं. मटाराच्या हातानेच दाबला,
कुठलं बटण होतं कोण जाणे, पण थांबलं.

चष्मा लावून पडद्याजवळ गेले.
रंग: मुक्ता ढवळीकर, नझमा तुंगेकर, जॉयल परेरा,
खाली अजून चाळीसेक.
"कोण आहेत या?" आर्जवने विचारलं.
माहीत नाही रे.
थांब, वाचू दे.